कापडाची होडी आणि कारागिराचे मोल



गेल्या उन्हाळी सुटीत दृढीकरणाच्या वर्गातील ११ मुलामुलींना बरोबर घेऊन आम्ही चार धर्मशिक्षकांनी एक लहानशी होडी बांधली. आमच्यापैकी एकाच्या घरामागच्या परड्यात, फणसाच्या सावलीत. १२ फूट लांब, अडीच फूट रुंद, आत बांबूचा सांगाडा आणि वरून ताणून बसवलेले कॅनव्हास. वजन १८-२० किलो. दोन मुले ती डोक्यावर घेऊन सहज चालतात.

तेव्हापासून रविवारच्या मिस्सानंतर आम्हाला दोन प्रश्न विचारले जात आहेत. पहिला, धर्मशिक्षणाच्या वर्गाने होडी कशाला बांधायची? दुसरा जरा दबक्या आवाजात असतो. त्या बांबूवाल्या काकांना १०,००० रुपये कशाला दिले? आपल्याच धर्मग्रामातले ना ते? सेवा म्हणून केले नसते का त्यांनी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही थोडक्यात देऊ. हा लेख लिहायला बसलो आहोत तो दुसऱ्यासाठी. पण होडी कशी उभी राहते हे कळल्याशिवाय त्या पैशांचा हिशेब कळणार नाही, म्हणून आधी होडीविषयी.

सांगाडा हलका ठेवायचा आणि त्यावर कातडे किंवा कापड ताणून बसवायचे, ही नाव बांधण्याची फार जुनी पद्धत आहे. फळ्यांच्या नावेत फळी हीच भिंत असते आणि तीच ताकद. इथे ताकद सगळी सांगाड्यात. वरचे आवरण फक्त पाणी अडवते. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांकडे मोठी झाडे नाहीत. त्यांनी वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा केला, त्यावर सीलचे कातडे शिवले आणि कयाक घडवली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर करॅक नावाची अशीच होडी आजही चालते. तिच्यावर पूर्वी बैलाचे कातडे असे, पुढे डांबर लावलेले कापड आले.

आपल्याला इतके लांब जायची गरज नाही. हंपीला गेलेल्या प्रत्येकाने तुंगभद्रेतला हरिगोल पाहिला आहे. टोपलीसारखा गोल, बांबूचा विणलेला, खालून प्लास्टिक आणि डांबर. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाएस याने आनेगुंदीच्या उतारावर हेच पाहून लिहून ठेवले आहे. आत वेताचे विणकाम, बाहेरून कातडे, पंधरा-वीस माणसे एका वेळी बसतात, आणि सरळ न जाता नाव सारखी गोल फिरत राहते, असे तो म्हणतो. पाचशे वर्षांत कातड्याच्या जागी प्लास्टिक आले, फिरणे तेच राहिले. आमची होडी लांबट आहे म्हणून ती फिरत नाही, एवढाच फरक. कृष्णाकाठच्या गावांत तर ऐन वेळी गुळाची काहीलसुद्धा नाव म्हणून पाण्यात सोडलेली आहे. हातात जे असेल त्याने पाणी ओलांडायचे, ही आपल्याकडची जुनीच रीत.

तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर. आम्ही होडी बांधली, कारण वर्गातल्या मुलांनी वर्षभर आमचे ऐकले होते; दोन आठवडे तरी त्यांनी हाताने काही करावे आणि ते खरे उतरते की नाही हे आमच्या मतावर अवलंबून नसावे, असे आम्हाला वाटले. वहीतल्या उत्तराला आम्ही गुण देतो. होडीला गुण पाणी देते. बस्स. यापेक्षा मोठा उद्देश आम्ही फादरांनाही सांगितला नव्हता. त्यांनी हसून परवानगी दिली आणि एकच अट घातली, पोहता येत नसेल तो पाण्यात उतरणार नाही.

आता बांधणी. इथे जरा रेंगाळतो, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

आमच्याकडे नकाशा होता. तीन आडवे साचे मरीन प्लायचे कापायचे, काठाला दोन सागवानी पट्ट्या द्यायच्या, कण्यासाठी एक जाड पट्टी, आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणाऱ्या ८ लांब कामट्या. त्यांना आतून आडव्या १९ फासळ्या. म्हणजे कामटी आणि फासळी एकमेकींना ओलांडतात अशा १५२ जागा, आणि प्रत्येक जागी दोरीची एक गाठ. खिळा एकही नाही. बांबूला खिळा मारला की तो उभा चिरतो, आणि लाटेवर सांगाडा थोडा हलला पाहिजे. गाठ हलू देते, खिळा हलू देत नाही. एवढे सगळे कागदावर होते.

कागदावर बांबू मात्र नव्हता. खानापूरच्या बाजूला बांबूला तोटा नाही, पण कोणता? आमच्या धर्मग्रामात एक बुरूड कुटुंब आहे, तीन पिढ्यांपासून. त्यांच्यातले काका साठीच्या पुढचे. रविवारी ते चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर, दाराजवळ बसतात. आम्ही त्यांच्याकडे बांबू विकत घ्यायला गेलो होतो. ते म्हणाले, “होडीला? मग माणगा घ्या. पण आत्ता तोडू नका. मी पौषात तोडून ठेवलाय, तो देतो.”

पावसाळ्यात बांबूत साखर भरते आणि त्या साखरेसाठी भुंगा लागतो. हिवाळ्यात तोडला तर कमी लागतो. तोडायचा तोही तीन वर्षांच्या पुढचा. कोवळ्यावर पांढरी पूड असते, जून झालेल्यावर शेवाळाचे ठिपके येतात आणि टिचकी मारली तर तो खणकन वाजतो. तोडून वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचा, म्हणजे उरलेली साखर धुऊन जाते. माणगा का? तर तो जवळजवळ भरीव असतो, पोकळी अगदी बारीक. हे सगळे काकांनी आम्हाला उभ्याउभ्या सांगितले. आमच्यापैकी कोणालाही यातले काही माहीत नव्हते, आणि आम्ही चौघे पदवीधर. मग आम्ही त्यांनाच म्हटले, काका, तुम्हीच या आणि मुलांना शिकवा.

ते दहा दिवस आले. सकाळी आठ ते दुपारी एक.

बांबू चिरताना तो नेहमी अर्धा करायचा. अर्ध्याचा पाव, पावाचा आठवा भाग. एका बाजूची पट्टी जाड व्हायला लागली की मुले सुरी जोरात वळवत. काका सुरीला हातही लावत नसत. ते जाड बाजू हाताने जास्त वाकवत, आणि चीर आपोआप त्या बाजूला सरकून पुन्हा मधोमध येई. फासळी वाकवताना बांबूची साल बाहेरच्या अंगाला ठेवायची, कारण ताण बाहेर पडतो आणि ताकद सालीत असते. गाभा बाहेर आला तर फासळी मोडते. विस्तवावर फिरवत शेकायची, ओले फडके लावायचे, गुडघ्यावर हळूहळू वाकवायची आणि थंड होईपर्यंत सोडायची नाही. मुलांना हे शेवटचे फार जड गेले. दोन मिनिटे काहीही न करता एक काठी धरून बसायचे! पहिल्या दिवशी निम्म्या फासळ्या पुन्हा सरळ झाल्या.

गाठींचे सांगतो. मेण लावलेली जाड दोरी, तीन वेढे उभे, तीन आडवे, मग दोन वेढे मधून आवळून. मुलांनी दोन दिवसांत साठेक गाठी मारल्या आणि फोटो काढले. तिसऱ्या दिवशी काकांनी एकेका गाठीवर नखाने टिचकी मारली. काही ठिकाणी ते थांबत, कमरेचा विळा काढत आणि गाठ कापून टाकत. बोलत काहीच नसत. अशा २३ गाठी कापल्या. एक मुलगी रडवेली झाली. तिच्या सात गेल्या होत्या. काका तिला एवढेच म्हणाले, “बाय, तू बसणार हाईस ना यात?” तिने त्या सातही पुन्हा मारल्या आणि नंतरच्या आठवड्यात इतरांच्या गाठींवर टिचकी मारत फिरणारी तीच होती.

वरचे कॅनव्हास आम्ही बेळगावच्या ताडपत्रीच्या दुकानातून आणले. कातड्याचा विचार झाला होता, पण आपल्या हवेत कातड्याला सारखी चरबी चोळावी लागते, नाहीतर ते कुजते. शिवाय वजन फार. सांगाडा उपडा ठेवून कापड मधोमध घडी घालून टाकायचे. आधी मध्यावर ताणायचे, मग आळीपाळीने दोन्ही टोकांकडे, काठाच्या सागवानी पट्टीवर पितळी चुका मारत. लोखंडी चुका घेऊ नयेत, एका पावसाळ्यात गंजून कापड खातात. टोकांना दुहेरी शिवण. मग पहिला हात पातळ ऑईल पेंटचा, तो कापडात मुरू द्यायचा. त्यानंतर दोन जाड हात, मध्ये नीट वाळू देत. नोहाला तारू आतून-बाहेरून डांबराने सारवायला सांगितले होते (उत्पत्ती ६:१४), आणि मोशेच्या आईने लव्हाळ्याच्या पेटीला तेच केले (निर्गम २:३), हे मुलांनीच आठवण करून दिले. आम्ही तो धडा वर्गात घेतला तेव्हा कुणी मान वर करून पाहिले नव्हते.

साहित्याचा खर्च ८,७०० रुपये झाला. काकांचे मानधन १०,०००. इथे पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत कुजबुज सुरू झाली, आणि आम्हाला वाटते ती उघडपणे व्हावी.

आपण फेस्ताच्या मंडपवाल्याला पूर्ण पैसे देतो. ध्वनिक्षेपकवाल्याला देतो, बॅण्डला देतो, जेवणाच्या केटररला आगाऊ देतो. त्यांतला कोणी आपल्या बाकांवर बसत नाही. पण ख्रिस्तजन्माचा गोठा बांधायला बांबू लागला, पाम संडेला कमान लागली, की आपण काकांना निरोप पाठवतो, “जरा येऊन जा.” ते येतात. दिवसभर बसतात. चहा मिळतो, वडापाव मिळतो, कधी एखादी नोट हातात कोंबली जाते. याला आपण सेवा म्हणतो. जो परका त्याला दर, आणि जो आपला त्याला सेवा, ही वाटणी कोणी आणि कधी केली? आणि आपल्यांमध्येही ती सगळ्यांना सारखी लागू नाही. आपल्याच धर्मग्रामातला इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर बिल देतो आणि आपण ते भरतो. कोणी त्याला सेवेची आठवण करून देत नाही.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे आणि तो आमच्याच मित्राने केला. तो म्हणाला, तुम्ही धर्मशिक्षक पैसे घेता का? गायनमंडळ घेते का? मग त्यांनीच का घ्यावे? खरे आहे, आम्ही घेत नाही. पण आमच्यातले दोघे शाळेत शिकवतात, एक सोसायटीत कारकून आहे, एकीचे शिवणाचे दुकान आहे. रविवारी दोन तास दिल्याने आमच्या घरची चूल अडत नाही. काकांनी आम्हाला दिलेले दहा दिवस लग्नसराईतले होते. सुपे, रोवळ्या, दुरड्या यांचा वर्षातला हाच काळ. त्या दहा दिवसांत जे विणून विकले असते ते विकले गेले नाही. ज्या कामावर माणसाचे पोट आहे तेच काम त्याच्याकडून फुकट मागायचे आणि त्याला सेवा हे नाव आपण द्यायचे, हे आम्हाला पटत नाही. सेवा म्हणायचे की नाही हे देणाऱ्याने ठरवायचे असते. काकांनी गोठ्याचे काम सेवा म्हणून करतो असे स्वतः सांगितले, तर आम्ही ते नम्रपणे घेऊ. आजवर त्यांना कोणी विचारलेलेच नाही.

“पण ते तर काही मागतच नव्हते,” असेही एक जण म्हणाले. बरोबर. आम्ही विचारले तेव्हा काका म्हणाले, “द्या काय ते.” पिढ्यान् पिढ्या ज्यांना ठरवण्याचा हक्कच मिळाला नाही, त्यांच्या तोंडी दुसरे काय येणार? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात नेमका हाच मुद्दा घेतला आहे. मजूर गरजेपोटी कमी पैशाला राजी झाला, म्हणून तो व्यवहार न्याय्य ठरत नाही. त्याचे घर नीट चालेल इतके त्याला मिळालेच पाहिजे, अशी त्यांची शिकवण आहे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात तर गरीब मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्या, अशी आज्ञा आहे. आम्ही दर १,००० रुपये रोज असा धरला. बेळगावात चांगला सुतार याहून कमी घेत नाही. यात उपकार कसला?

याच सुमारास एक प्रेमळ प्रस्ताव आला. धर्मग्रामातल्या एका कुटुंबाचे नातेवाईक गोव्यात जलक्रीडेच्या धंद्यात आहेत. ते म्हणाले, तुम्हाला फायबरची तयार होडी देतो, फुकट, अगदी नवी. मुलांचे वेळ-कष्ट वाचतील. आम्ही आभार मानले आणि नको म्हटले. काहींना हा उद्धटपणा वाटला. त्या कुटुंबाविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण फायबरची होडी आली असती तर काका परड्यात आलेच नसते. मुलांना होडी मिळाली असती आणि काका दाराजवळच्या बाकावर राहिले असते.

जलमार्गाच्या इतिहासातले एक उदाहरण इथे द्यावेसे वाटते, कारण ते आपल्या परंपरेतलेही आहे. सहाव्या शतकातला आयरिश संत ब्रेंडन आपल्या मठबंधूंसह कातड्याच्या होडीतून पश्चिमेच्या समुद्रात गेला, अशी कथा मध्ययुगात युरोपभर वाचली जाई. त्या ग्रंथात होडी कशी बांधली तेही आहे: लाकडाच्या फासळ्या, ओकच्या सालीत कमावलेली बैलाची कातडी, सांध्यांना चरबी. ही नुसती भाकडकथा असे पुष्कळ विद्वान म्हणत. टिम सेव्हरिन या प्रवासी लेखकाने तशीच होडी बांधायचे ठरवले. ३६ फूट लांब, ॲश लाकडाचा सांगाडा चामड्याच्या वाद्यांनी बांधलेला, वरून ४९ बैलांची कातडी, लोकरीच्या चरबीत मुरवलेली. १७ मे १९७६ रोजी ती आयर्लंडहून निघाली आणि आइसलँडला हिवाळा काढून जून १९७७ मध्ये न्यूफाउंडलंडला पोहोचली. किनारा जवळ आला असता तरंगत्या बर्फाने कातडे फाटले. तेव्हा दोघांनी गोठवणाऱ्या पाण्यात हात घालून चामड्याचे ठिगळ शिवले आणि होडी पुढे गेली. फायबरला हे जमले असते का, हा प्रश्न आम्ही होडी देऊ करणाऱ्यांना विचारला नाही!

सेव्हरिनचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण ती होडी कोणाच्या हातांवर तरली? ओकच्या सालीत महिनोन् महिने कातडे मुरवण्याची पद्धत कॉर्नवॉलमधल्या एका टॅनरीने टिकवून ठेवली होती. घोड्यांचे साज शिवणाऱ्या एका जुन्या कारागिराने ते जाड कातडे कसे टाचायचे हे त्या मंडळींना शिकवले. ऑक्सफर्डला शिकलेल्या माणसाला पुस्तकात होडीचे वर्णन मिळाले. टाका कसा घालायचा हे पुस्तकात नव्हते. आणि हे लोक आणखी वीस-तीस वर्षांनी भेटले असते का?

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बोचरा आहे. कातडे कमावणारा, बांबू विणणारा यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवले. आपल्या मंडळ्यांमध्ये, मग त्या कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, अशा घरांतून आलेले पुष्कळ आहेत. बाप्तिस्म्याने सगळे एका बाकावर यायला हवे होते. आले का? पेत्र यापो गावी कोणाच्या घरी उतरला होता, तर शिमोन नावाच्या कातडे कमावणाऱ्याच्या घरी, समुद्रकाठी (प्रेषितांची कृत्ये ९ व १०). यहुदी समाजात त्या धंद्याला विटाळाचा वास होता. तरीही पेत्र तिथे पुष्कळ दिवस राहिला आणि कर्नेल्याची माणसे त्याला शोधत त्याच दाराशी आली. हा उतारा आम्ही वर्गात इतकी वर्षे शिकवतो, शिमोनाच्या धंद्याकडे मुलांचे लक्ष आम्ही या वर्षी प्रथमच वेधले, आणि तेही एका मुलाने “म्हणजे काकांसारखा?” असे विचारले म्हणून. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायातल्या बसालेलाविषयी देव म्हणतो की मी त्याला माझ्या आत्म्याने भरले आहे, कशासाठी, तर सोने, चांदी, लाकूड यांवरच्या कारागिरीसाठी. दृढीकरणाच्या वर्गात पवित्र आत्म्याच्या दानांविषयी आम्ही खूप बोलतो. काकांच्या नखाची टिचकी त्या यादीत कुठे बसते, हे फादरांनी एकदा प्रवचनात सांगावे अशी आमची त्यांना विनंती आहे.

काकांचा मुलगा पुण्याला एका गोदामात नोकरी करतो. सुरी हातात घ्यायची त्याला लाज वाटते, असे काका म्हणतात. त्याला दोष देणे सोपे आहे. आमचा प्रश्न उलट आहे. आपण त्या सुरीला आजवर काय दिले, ज्याच्यासाठी त्याने थांबावे? दहा हजारांनी त्याचे मन फिरणार नाही, हे आम्हालाही कळते. पण होडी पाण्यात सोडली त्या दिवशी तो आला होता. कडेला उभा राहून त्याने मोबाईलवर चित्रण केले, आणि काठावर आणल्यावर खाली वाकून गाठी पाहत राहिला. काय पाहतोस म्हणून विचारले नाही.

पाण्याविषयी. पालकांची भीती रास्त आहे. ऑगस्ट २०१९ चा पूर या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. होडी आम्ही नदीत नेली नाही, शेततळ्यातही नाही. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही आणि पोहणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही, हे कृपा करून प्रत्येक घरात सांगा. आम्ही गावतलावाच्या उथळ कडेला, कमरेइतक्या पाण्यात सोडली. एका वेळी दोघे, अंगात लाइफ जॅकेट, बसायचे तळाशी मांडी घालून. पाट ठेवून उंच बसले की अशी हलकी होडी कलंडते. पाणी आत शिरले तर कापडाची होडी तरंगत नाही, म्हणून दोन्ही टोकांना पाच लिटरचे रिकामे, घट्ट झाकणाचे कॅन बांधले आहेत. पहिल्या दिवशी मागच्या टोकाच्या शिवणीतून थेंब थेंब पाणी आले. काकांनी ते पाहिले, उन्हात वाळवायला सांगितले, दुसऱ्या दिवशी मेण आणि रंगाचा एक हात दिला. त्यानंतर आले नाही. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत होडी आढ्याला टांगलेली असते, आणि तिच्या चावीची, म्हणजे वल्ह्यांची, कुलूपबंद पेटी आमच्याकडे असते.

पुढच्या वर्षी शेजारच्या दोन धर्मग्रामांतल्या मुलांनाही यायचे आहे. काकांना आम्ही आताच विचारले. या वेळी ते “द्या काय ते” म्हणाले नाहीत. लग्नसराईत दहा दिवस जमणार नाहीत, फेब्रुवारीत सहा शनिवार येतो आणि दर शनिवारी बाराशे घेईन, असे त्यांनी सांगितले. बांबू वेगळा. तो आकडा आम्ही अर्थसमितीकडे लेखी दिला आहे, आणि नाताळच्या गोठ्याचेही काम त्याच दराने धरावे असे खाली एक ओळ जोडली आहे. बैठक येत्या महिन्यात आहे. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी तिथे यावे आणि मोठ्याने बोलावे. काकांनाही बोलावले आहे.